पबातली चाल आणि जात्यावरची ओवी

गलबत
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. मी आयर्लंडमध्ये गॉलवेला राहतो, चार वर्षं झाली. मूळचा सिन्नरचा. घरी वारकरी वातावरण, लहानपणी हरिपाठाला टाळ आणि शाळेच्या गॅदरिंगला ढोलकी, एवढंच काय ते माझं संगीतशिक्षण, तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्या.

तर इथे दर मंगळवारी घराजवळच्या एका पबमध्ये सेशन असतं. सेशन म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलाभोवती आठ-दहा जणं गोल करून बसतात. दोन-तीन फिडल (म्हणजे व्हायोलिनच), लाकडी आडवी बासरी, टिन व्हिसल, कॉन्सर्टिना (हातात मावणारी भात्याची पेटी) आणि नशीब असेल तर इलन पाइप्स, त्यांची बॅगपाइप (इलन म्हणजे आयरिशमध्ये कोपर, एका काखेत भाता आणि दुसऱ्या काखेत पिशवी, तोंडाने फुंकायचं कामच नाही). स्टेज नाही, माईक नाही, आणि अर्ध्या वाजवणाऱ्यांची पाठ गिऱ्हाइकांकडे. पहिल्या दिवशी मला वाटलं आपण चुकून कुणाच्या घरात शिरलो की काय.

एक चाल सुरू होते. तिचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, असं अख्खं दोन-तीन वेळा झालं की कुणीतरी मान वर करतं, भुवई हलवतं आणि न थांबता सगळे दुसऱ्या चालीत उडी मारतात. दोन-तीन चाली झाल्या की बास. टाळ्या नाहीत, वाहवा नाही, जो तो आपला ग्लास उचलतो आणि पावसाबद्दल बोलायला लागतो.

मी सहा महिने नुसता ऐकत बसलो, मग एक बाउरान घेतलं. हे त्यांचं डफासारखं बकऱ्याच्या कातड्याचं वाद्य, एका हातात छोटी दांडी आणि दुसरा हात आतून कातड्याला टेकवून सूर वर-खाली करायचा. ढोलकीवाल्याला काय अवघड, असा माझा समज. तिसऱ्या मंगळवारी हिय्या करून गोलात बसलो, जिग चालू होती (नाचाची चाल, सहाच्या वजनाची, आपल्या दादऱ्याशी जुळणारी), हात आपोआप चालायला लागला, मग जरा लय वाढवली, मग लग्गी लावली आणि चाल संपताना झोकात तिहाई मारून मोकळा झालो. सगळे हसले. शेजारी एक सत्तरीच्या फिडलवाल्या बाई बसतात, त्या शांतपणे म्हणाल्या, 'आपण कुठे निघालोय का? मला तर इथेच बरं वाटतंय.'

त्या वाक्याने माझी आठवडाभर झोप उडवली. आपल्याकडे भजन चढतं. सावकाश सुरू होतं, मग मृदंगवाला हळूच लय उचलतो, टाळकरी बसल्याजागी डुलायला लागतात, मग उभे राहतात, पावली पडते, गजर टिपेला जातो आणि मग एकदम खाली. गोंधळही तसाच, संबळ पेटतो म्हणतात ना. ते चढणं म्हणजेच वाजवणं अशी माझी समजूत होती. इथे दोन तास वाजवतात आणि लय तसूभर हलत नाही, कारण मुळात हे सगळं नाचणाऱ्या पायांसाठी आहे, लय पळाली की नाचणारा पडेल. मग मजा कशात? तर चाल बदलते त्या क्षणात. त्या उडीवर कुणीतरी 'हप्प' असं ओरडतं. तेवढीच काय ती दाद.

दुसरी गोष्ट. मी एकदा विचारलं की या चालीचा अर्थ काय, तर म्हणाले, अर्थ? शब्दच नाहीत. नावं आहेत, पण एकाच चालीला चार नावं, एकाच नावाच्या तीन चाली, आणि बऱ्याचदा वाजवणाऱ्याला नाव आठवतही नाही. हजारो चाली, शब्द शून्य. आणि माझी आई जात्यावरच्या ओव्या म्हणायची त्याला मोजून दोन चाली होत्या, ओव्या मात्र रात्रभर म्हटल्या तरी संपायच्या नाहीत. त्यांच्याकडे चाल जपतात, आपल्याकडे शब्द.

पाश्चात्त्य आणि आपलं असा विषय निघाला की लोक लगेच हार्मनी आणि रागदारीवर घसरतात. मला त्या टेबलाशी बसून तो फरक कुठे दिसलाच नाही, दिसला तो हा. तुमचं काय मत?

चिंचगुळ
+१००० मस्त लिहिलंय. भुवई हलवली की चाल बदलायची हे आमच्या सासूबाईंना फार आधीपासून येतं.

षड्जपंचम
लेख वाचनीय, पण निष्कर्ष घाईचा आहे. हार्मनी बाजूला कशी ठेवता येईल? पाश्चात्त्य संगीत बारा ठरलेल्या सुरांवर उभं आहे, एकावर एक सूर रचून इमारत बांधतात. आपल्याकडे एकच रेष असते पण ती वळणारी, दोन सुरांच्या मधली जागा हेच आपलं वैभव. मग ते लोकसंगीत असो वा ख्याल. त्यांच्या लोकसंगीतात गमक, मींड, श्रुती या गोष्टी येणार कुठून?

गलबत
षड्जपंचम, मीही हेच धरून गेलो होतो. पण सेशनमध्ये हार्मनी जवळपास नसतेच हो. फिडल, बासरी, पाइप्स सगळे एकच चाल एकत्र वाजवतात, फरक फक्त कोण कुठे कसं वळण घेतं याचा. गिटार असते कधी, ग्रीकांचं बुझुकी हे तंतुवाद्यही असतं, पण ते आयरिश संगीतात आलं १९६० च्या दशकात, म्हणजे आपल्याकडे बेंजो आला त्यातला प्रकार.

आणि मधल्या जागांचं म्हणाल तर पाइप्सवाल्याकडे बसा एकदा. खाली तीन नळ्या अखंड षड्ज धरून असतात, मंद्र, मध्य, तार. त्या षड्जावर तो जो नी लावतो तो धड कोमल नाही आणि धड शुद्ध नाही, दोघांच्या मधला कुठेतरी, आणि चालीत जाताना वेगळा, येताना वेगळा. जुने फिडलवालेही तोच लावतात. पियानोवर तो सूर नाहीच. उलट आपण युरोपातून आलेली पेटी प्रत्येक भजनी मंडळात आणून ठेवली आणि बुवांचा गळा तिच्या पट्ट्यांत बसवला. आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी घातली ती १९७१ पर्यंत, कारण हेच ना, की ती आपले सूर लावत नाही?

षड्जपंचम
पेटीचा मुद्दा मान्य. मधल्या नी ची एखादी ऑडिओ क्लिप मिळाली तर ऐकायला आवडेल. तरी हार्मनी ही पाश्चात्त्यांची खूण हे मी सोडणार नाही.

सातमात्रा
षड्जपंचम, मग मध्य आफ्रिकेतल्या जंगलातल्या आका लोकांचं काय कराल? आठ-दहा माणसं, बायकापोरांसकट, प्रत्येक जण वेगळी ओळ गातो, एकमेकांत विणलेली, कुणी कंडक्टर नाही, कागद नाही. युरोपीय चर्चशी काडीचा संबंध नाही त्याचा. कॉकेशसमधल्या जॉर्जियात साध्या जेवणाच्या टेबलावर तीन-तीन आवाजांत गातात. हार्मनी कुणाच्या बापाची नाही.

मी बॉस्टनजवळ राहते, इथे दर शुक्रवारी एका शाळेच्या हॉलमध्ये बाल्कन नाच असतो, पंधरा वर्षं जातेय. एकमेकांचे हात धरून रांग करायची आणि गोल फिरायचं. पहिल्या दिवशी राचेनित्सा (बल्गेरियन नाच) लागली, सातचं वजन. मी मनात म्हटलं हा तर आपला सात मात्रांचा रूपक ताल, आलं आपल्याला, आणि पहिल्याच आवर्तनात शेजारणीच्या पायावर पाय. कारण राचेनित्सा दोन-दोन-तीन अशी जाते आणि इतकी फास्ट की सात मोजायला वेळच नसतो, पायाला फक्त आखूड, आखूड, लांब एवढंच कळतं. तिथल्या एका म्हाताऱ्या बल्गेरियन काकांना मी विचारलं की सात कसे मोजता, तर ते म्हणाले कसले सात? तीन पावलं आहेत, एक जरा लंगडं. मी इकडे रूपक, मिश्र चापू करत बसलेली.

आता सांगा बल्गेरिया पाश्चात्त्य की पौर्वात्य? पाचेकशे वर्षं ऑटोमन राज्य. सोफियाच्या आसपासच्या शोप गावांतल्या बायका दोन आवाजांत गातात, एक आवाज खाली धरून ठेवते आणि दुसरी तिला अगदी खेटून, षड्जाला रिषभ चिकटवल्यासारखा सूर लावते. आपल्याकडे कुणी गायलं तर पेटीवाला थांबून बघेल. त्यांना ते देवळातल्या घंटेसारखं वाजलं पाहिजे असतं, आणि दोघी खरंच नीट गायल्या की हवेत थरथर होते, दाताला जाणवते.

अवांतर: १९७७ साली व्हॉयेजर यानांवर जी सोन्याची तबकडी पाठवली तिच्यात अख्ख्या भारताचं एकच गाणं आहे, केसरबाई केरकरांची भैरवी. आणि त्याच तबकडीवर बल्गेरियाचं एक लोकगीत आहे, वाल्या बाल्कान्स्का या बाईंनी गायलेलं, मागे दोन गायदा (त्यांची बॅगपाइप). केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या. आपली भैरवी आणि त्यांचं डोंगरातलं गाणं शेजारी शेजारी सूर्यमालेच्या बाहेर गेलं आणि आपण खाली कोण पाश्चात्त्य ते ठरवतोय.

षड्जपंचम
सातमात्रा, आका लोकांचं ऐकलं. दोन तास फुकट गेले असं म्हणणार होतो पण गेले नाहीत. 'लंगडं पाऊल' आवडलं. फक्त एक, रूपकात सम (आवर्तनाची पहिली मात्रा) 'खाली'वर येते, खाली म्हणजे टाळी न देता मोकळी सोडलेली मात्रा, म्हणजे वजनाचाच नव्हे तर रिकाम्या जागेचा विचार आहे. नाचणाऱ्या पायाला खाली असेल का?

सातमात्रा
आहे की. पाय हवेत असतो तेव्हा.

माडाखालचो
देव बरें करूं. मराठी शाळेत शिकलो तरी घरात कोंकणी, तेव्हा चुकलंमाकलं सोसा.

तुम्ही लोक पाश्चात्त्य इकडे आणि आपलं तिकडे करताय, आमच्याकडे दोन्ही एकाच बाल्कांवांत (सोप्यात म्हणा) बसतात. मांडो ऐकलाय का कुणी? एकोणिसाव्या शतकात गोव्यात सासष्टीतल्या ख्रिस्ती भाटकारांच्या (जमीनदारांच्या) घरांत रुजलेला प्रकार, लग्नाला आणि फेस्ताला. शब्द कोंकणी, बहुतेक विरहाचे. चाल संथ, दोन आवाजांत गातात, वरचा आवाज आणि त्याच्या खाली दुसरा, हे चर्चच्या कॉयरचं देणं, कारण पोर्तुगीज काळात पॅरिश (चर्चच्या) शाळेत पोरांना सोल्फेजो (सा रे ग म सारखी स्वरांची तालीम) आणि व्हायोलिन शिकवायचे. आणि त्या व्हायोलिनच्या शेजारी ताल धरायला काय, तर घुमट! मातीचं मडकं, एका तोंडावर कातडं, दुसरं तोंड उघडं, तळहाताने ते झाकलं-उघडलं की आवाज गरगरतो. तेच घुमट चवथीला गणपतीच्या आरतीला आणि तेच सुंवारी वादनात. पूर्वी कातडं घोरपडीचं असायचं, आता कायद्याने बंद, बकऱ्याचं लावतात आणि म्हातारे म्हणतात तो नाद गेला. २०१९ साली सरकारने राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं ते हेच.

आमचे शेजारी मांडो गायचे तेव्हा एक बघितलंय. व्हायोलिनवाला ओळीच्या शेवटी सूर लांबवतो, गाणारी बाई श्वास घेते, आणि त्या फटीत घुमटवाला थोडं उशिरा मारतो. अगदी थोडं. कागदावर लिहिलेल्या मांडोत ते कुठेच नाही. कॉन्सर्ट हॉलमध्ये पियानोवर मांडो करतात ना, तिथे ते पहिलं मरतं. मांडो संपला की लगेच दुलपद, फास्ट, गावातल्या लोकांच्या खोड्या काढणारं, मग सगळे खुर्च्या सरकवून उठतात. तेव्हा गलबत, चढणं आमच्याकडेही आहे, फक्त गाणं बदलून.

हलगीवाला
मी शिकलेला संगीतवाला नाही, बीडकडचा आहे, आमच्या घरात तीन पिढ्या हलगी. सगळं वाचलं, चांगलं चाललंय. पण एक इचारू का, ते पबमधले लोक वाजवतेत ते हौस म्हणून ना? दिवसभर नोकरी करून संध्याकाळी. आमचा आजा वाजवायचा तो वाजवावंच लागायचं म्हणून. मयतीला, मिरवणुकीला, लग्नाला, देवाच्या पालखीला, आणि वाजवून झालं की भाकरी दुरून. तुम्ही ज्याला लोकसंगीत म्हणताय ते आमच्यात 'संगीत' कुणी म्हणलंच नाही कधी, ते काम होतं. गोंधळ्याचं पण तसंच, वाघ्या-मुरळीचं पण तसंच, ते देवाचं देणं फेडायला येतेत, प्रोग्राम करायला नाही. आता स्टेजवर घेतेत, हार घालतेत, बरं वाटतं, खोटं कशाला बोला.

मागं एका मोठ्या शहरात फ्यूजनचा प्रोग्राम होता, मला आणि एका संबळवाल्याला बोलवलं. हलगी वाजवायच्या आधी शेकावी लागते हे सगळ्यांना माहीत नसतं. पाचट नायतर कागद पेटवायचा, कातडं आगीसमोर फिरवायचं, बोटानं टिचकी मारत बघायचं, टण्ण आली की लगेच वाजवायचं, दहा-पंधरा मिनिटांत उतरती मग पुन्हा शेकायची. तर हॉलवाले म्हणले आग चालणार नाही, फायर अलार्म आहे. बरोबर आहे त्यांचं पण. मग हेअर ड्रायर आणून दिला. मी आपला बसलोय मेकअपच्या खोलीत बायकांच्या मधी, हलगीला ड्रायर मारत. वर साऊंडवाला म्हणतो तुमचा आवाज फार टोचतो, आम्ही थोडा खालचा बेस वाढवतो. अहो टोचायसाठीच हाये ती! दोन गल्ल्या पल्याड कळलं पाहिजे की वरात निघाली. बेस वाढवून तिचा ढोल केला. पैसे दिले येळेवर, त्याची तक्रार नाही.

चिंचगुळ
हलगीवाला, ड्रायरवर हसू का रडू कळेना. तुम्ही अजून लिहा.

गलबत
हलगीवाला दादा, तुमचा प्रश्न बरोबर जागी लागला, मी दोन दिवस त्यावरच विचार करतोय. हो, हौस म्हणूनच. माझ्या टेबलावर एक दंतवैद्य आहे, एक बसड्रायव्हर, दोन शिक्षिका. आणि पबातलं सेशन ही काही पुरातन गोष्टही नाही. पूर्वी नाच स्वयंपाकघरात किंवा चौरस्त्यावर व्हायचा, १९३५ साली कायदा झाला, लायसन असेल तिथेच सार्वजनिक नाच, आणि पाद्री मंडळीही मागे लागलेली, तो घरगुती नाच बराच मेला. पबात गोल करून बसायची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे लंडनला मजुरीला गेलेल्या आयरिश लोकांत जास्त रुजली. मग १९५१ साली हे संगीत जपायला एक संस्था निघाली, स्पर्धा सुरू झाल्या, समर स्कूल निघाल्या, शेजारच्या क्लेअरमध्ये मिलटाउन मालबेला १९७३ पासून दर जुलैत आठवडाभर अख्खं गाव वाजवत असतं. म्हणजे आज जे मध्यमवर्गीय हौशी दिसतं ते शंभर वर्षांपूर्वी तसं नव्हतं.

आणि त्यांच्यातही तुमच्यासारखे होते. इकडे ट्रॅव्हलर म्हणून फिरती जमात आहे, पूर्वी गाडीत बिऱ्हाड, कल्हई, घोड्यांची खरेदी-विक्री, आणि गावाबाहेर मुक्काम. अजूनही लोक त्यांच्याबद्दल काय काय बोलतात ते ऐकवत नाही. त्यांच्यात पाइप्स वाजवणारे मोठे होऊन गेले, जॉनी डोरन हे नाव पाइप्सवाला कानाला हात लावून घेईल असं (म्हणजे इथे कुणी कानाला हात लावत नाही, पण तुम्हाला कळलं). जत्रा, मॅचेस, चौक, जिथे गर्दी तिथे उभ्याने वाजवायचा. त्याचं रेकॉर्डिंग झालं ते एवढंच, १९४७ सालचं, लोकसाहित्य आयोगाच्या माणसाने केलेलं, आणि १९५० साली तो गेला. ते ऐका. आमच्या टेबलावर वाजतं तसं शांत नाहीच ते, अंगावर येतं. रस्त्यावरच्या माणसाला थांबवायचंय ना! सरकारने या लोकांना वेगळा वांशिक समाज म्हणून मान्यता दिली २०१७ साली, आणि त्याच वर्षी युनेस्कोने पाइप्सचं वादन वारसा यादीत घेतलं. वाद्याला आणि माणसाला एकाच वर्षी.

तेव्हा मी वर त्यांचं आणि आपलं असं जे लिहिलं त्यात दुरुस्ती, जॉनी डोरन तुमच्या आजोबांच्या जवळचा आहे, माझ्या टेबलावरच्या दंतवैद्याच्या नाही.

हलगीवाला
ऐकलं. पहिल्या अर्ध्या मिनिटात कळलं की हा बाजारात वाजवणारा माणूस आहे. बाकी काय कळलं नाही पण तेवढं कळलं.

जुनेपाने
संग्रह करणाऱ्यांवर कुणी बोललं नाही म्हणून. १७९२ साली बेलफास्टला हार्पवाल्यांना गोळा केलं होतं, बहुतेक म्हातारे, बरेचसे आंधळे. एडवर्ड बंटिंग नावाचा एकोणीस वर्षांचा चर्चचा ऑर्गनवाला चाली उतरवून घ्यायला बसवला आणि बजावलं की पदरचा एक सूर घालू नकोस. त्याने पुढे १७९६ ला पुस्तक काढलं ते पियानोसाठी, खाली डाव्या हाताचे सूर घालून! पुस्तक विकायचं तर घेणार कोण, ज्यांच्या दिवाणखान्यात पियानो आहे तेच. त्यातला एक हार्पवाला, हेम्पसन, नव्वदी पार केलेला, नखं वाढवून धातूच्या तारांवर वाजवायचा, ती पद्धत त्याच्याबरोबर जवळजवळ संपलीच. पुस्तकात सूर आले, नखं नाही आली.

शिकागोचा पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील हा दुसरा नमुना. आयरिश माणूस, फोर्समधल्या आयरिश पोलिसांकडून चाली जमवल्या, १९०३ ला १,८५० चालींचं पुस्तक. आज सेशनमध्ये जे वाजतं त्यातलं बरंच त्यात सापडतं. म्हणजे 'कानावर जगलेली परंपरा' मधे एकदा पोलीस चौकीतून जाऊन आलेली आहे.

आजीचा_बटवा
संग्रहाचं निघालंच तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांचं काम सांगायलाच हवं. जात्यावरच्या ओव्या, एक लाखाहून जास्त, हजारावर गावांतल्या बायकांकडून. आता ऑनलाइन ऐकता येतात, गाणाऱ्या बाईचं नाव-गाव-फोटोसकट. बंटिंगच्या बरोबर उलटं, कुणी खाली पियानो घातलेला नाही. काही रेकॉर्डिंगमध्ये मागे कोंबडा ओरडतोय.

गलबत, तुमचं 'त्यांच्याकडे चाल, आपल्याकडे शब्द' पटलं पण अर्धंच. माझी आजी (भोरकडची) दळायला बसायची ते पाहिलंय म्हणून सांगते. पहाटे चारला, दिवा नाही, अंधारातच. डाव्या हाताने वैरण (दळायच्या दाण्यांची मूठ) घालायची, उजव्याने खुंटा. पहिली माझी ओवी अशी सुरुवात, देवांची नावं, मग माहेर, भाऊ, मग जावेचं उणंदुणं. ओळीच्या मधेच 'गं बाई' यायचं, आम्हाला वाटायचं ते शब्द आहेत. मोठी झाल्यावर कळलं की नाही, तो दम आहे. वैरण घातली की जातं जड होतं, फिरायला जोर लागतो, तेव्हा सूर ओढला जातो आणि तिथे 'गं' येतो. दाणे संपत आले की जातं हलकं, ओवी पळते. म्हणजे लय कोण ठरवतं? जोंधळे! आता ही चाल आहे का शब्द आहे सांगा. ती कागदावर लिहिली तर 'गं' भरतीचा दिसतो, आणि स्टुडिओत गायली तर 'गं' गोड होतो. दोन्ही खोटं.

तुमच्या नाचवाल्यांसारखंच झालं ना, तिकडे पाय, इकडे हात.

षड्जपंचम
'लय जोंधळे ठरवतात.' मी चाळीस वर्षं संगीत ऐकतोय, हे कुणी सांगितलं नव्हतं. बटवाताई, नमस्कार घ्या.

सातमात्रा
वाचतेय. गलबत, तुमच्याकडे शब्दांचं गाणंही आहे ना, शान नोस की काय ते? ते ऐकलंत का कधी?

गलबत
उशिरा उत्तर देतोय, माफ करा, मधे एक गोष्ट घडली तीच सांगतो.

शान नोस म्हणजे जुनी रीत. गॉलवेच्या पश्चिमेला कॉनेमारात अजून आयरिश बोलतात, तिथलं हे गाणं. एकटा माणूस, वाद्य काही नाही, ताल नाही, आयरिश भाषेत, प्रत्येक कडव्यात चाल थोडी वेगळी वळवून. मी जे वर छातीठोकपणे लिहिलं की यांच्याकडे शब्द नाहीत ते फक्त नाचाच्या चालींबद्दल खरं, हे मला गेल्या शनिवारी कळलं. फिडलवाल्या बाईंनी मला तिकडे एका घरगुती बैठकीला नेलं. वीस-एक माणसं, शेगडीत पीट (दलदलीतली वाळवलेली माती) जळतंय, त्याचा वास कपड्यांना चार दिवस राहतो. एक जण गायचा, डोळे मिटून, मान खाली, जवळजवळ भिंतीकडे तोंड करून. आणि ऐकणारे मधेच, ओळ चालू असताना, शाब्बास अशा अर्थाचं काहीतरी बोलायचे, अगदी हळू. पबात दोन वर्षं एक वाहवा ऐकली नव्हती!

मग फिरत फिरत माझ्यावर आलं. मला म्हणाले तुझ्याकडचं म्हण. भजन म्हणावं तर टाळ नाही, झील धरायला कुणी नाही, एकट्याने भजन म्हणजे कसंतरीच वाटतं. म्हणून आईची ओवी सुरू केली. पहिली आली, दुसरी आली. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांनी काही न विचारता माझा हात हातात घेतला आणि सावकाश गोल फिरवायला लागले. दचकलो. नंतर कळलं की ही इथली जुनी पद्धत आहे, गाणाऱ्याचा हात धरून असा फिरवत राहायचा, त्याला बळ मिळतं म्हणून. पण मला त्या क्षणी काय दिसलं सांगू का, आई आणि मोठी काकू समोरासमोर बसलेल्या, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. पुढच्या दोन ओव्या मला पाठ आहेत हेच मला माहीत नव्हतं, त्या आल्या. पाचवी अर्ध्यात अडकली.

घरी येऊन आईला फोन लावला, म्हटलं पाचवी सांग. आई म्हणाली, 'अशी नाही आठवत रे, फोनवर कुठं.' मग म्हणाली जातं फिरायला लागलं की येईल आपोआप. जातं आहे का विचारलं तर आहे, गच्चीत, त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय बारा वर्षं. बटवाताई, तुमचं जोंधळ्याचं तिला वाचून दाखवलं, ती म्हणाली बाजरीला वेगळं पडतं, बाजरी लवकर सुटते.

मी पुढच्या महिन्यात येतोय दोन आठवडे. वरचा पाळू शाबूत आहे पण गुळगुळीत झालाय म्हणते, खुंटा गायब आहे. सिन्नर-नाशिक भागात जात्याला टाकी लावून देणारं कुणी अजून आहे का? पूर्वी दारावर यायचे. माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आणि खुंटा सुताराकडून बाभळीचा करून घेतला तर चालेल का तेही सांगा.

हलगीवाला
बाभळ चालती. ओली नको घेऊ.